इंकस्केप : पडद्यावरचे मोजमाप आणि शिरोरेषेची अडचण

या परीक्षणात इंकस्केपच्या चित्रे काढण्याच्या क्षमतेविषयी जवळजवळ काहीही नाही. पेनने वक्ररेषा किती सुबक निघते, रंगछटा कशा भरता येतात, हे विषय बाजूला ठेवून फक्त एका कामापुरते हे सॉफ्टवेअर तपासले आहे: पडद्यासाठी आखणी करताना एखादी वस्तू नेमकी कुठे आहे हे मोजणे आणि ती दुसऱ्या वस्तूच्या ओळीत आणून बसवणे. अ‍ॅपची बटणे, संकेतस्थळांचे बॅनर, चिन्हांचे संच, समाजमाध्यमांवरील मराठी मजकुराची चित्रे असे काम एकट्याने किंवा दोघातिघांत मिळून करणाऱ्यांना दर महिन्याचे शुल्क परवडतेच असे नाही, आणि त्यांच्यासाठी इंकस्केप हा साहजिक पर्याय ठरतो. २००३ साली सोडिपोडी नावाच्या प्रकल्पातून फुटून निघालेले हे सॉफ्टवेअर जीपीएल या मुक्त परवान्याखाली विनामूल्य मिळते, विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते आणि त्याची मूळ फाइल एसव्हीजी असते, म्हणजे ब्राउझरला थेट वाचता येणारी. माझे मत आधीच सांगून टाकतो: इंकस्केप आकडे चोख देते, पण दिलेला आकडा कोणत्या कडेपासून कोणत्या कडेपर्यंतचा आहे हे ते आपणहून सांगत नाही, आणि देवनागरी मजकूर हाताळताना हा दोष फार बोचतो.

सुरुवात एककांपासून करावी लागते. नवीन फाइल उघडली की इंकस्केप सहसा ए-फोर आकाराचा, मिलिमीटरमध्ये मोजला जाणारा कागद पुढे ठेवते. छपाईसाठी हे ठीक आहे, पडद्यासाठी नाही. ‘डॉक्युमेंट प्रॉपर्टीज’मध्ये जाऊन एकक पिक्सेल करावे आणि त्याच चौकटीतील ‘स्केल’चा आकडा एका पिक्सेलला १ असा आहे याची खात्री करून घ्यावी, या दुसऱ्या आकड्याकडे सहसा लक्ष जात नाही. मिलिमीटरचे गुणोत्तर फाइलच्या पोटात तसेच राहिले, तर वरच्या पट्टीत १६ पिक्सेल रुंद दिसणारी वस्तू प्रत्यक्ष एसव्हीजीत ४.२३३ अशी नोंदली जाते, आणि ती फाइल उघडून वाचणाऱ्या डेव्हलपरला या आकड्याचा काहीही बोध होत नाही.

जुन्या फाइली वापरणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. २०१७च्या जानेवारीत आलेल्या ०.९२ या आवृत्तीने एका इंचातील पिक्सेल ९० वरून ९६ केले, कारण संकेतस्थळांच्या सीएसएस या शैलीभाषेत इंच ९६ पिक्सेलचाच धरला जातो. पूर्वी बरोबर दहा इंच असणारी ९०० पिक्सेलची रेषा त्यामुळे ९.३७५ इंचांची झाली. जुनी फाइल उघडताना इंकस्केप ती पडद्यासाठी आहे की छपाईसाठी आहे हे विचारते, तेव्हा घाईत कोणतेही बटण न दाबता पडद्याचा पर्याय निवडला, तर पिक्सेलचे आकडे जसेच्या तसे राहतात. दुसरा बदल २०२०च्या मे महिन्यातील १.० या आवृत्तीचा. तोपर्यंत इंकस्केपचा आरंभबिंदू शाळेतल्या आलेखाप्रमाणे खाली डावीकडे होता आणि वाय-अक्ष वर जात असे, १.० पासून तो वर डावीकडे आला आणि वाय खाली वाढू लागला. ब्राउझर, अँड्रॉइड आणि एसव्हीजी मानक या सर्वांची हीच रीत असल्यामुळे हा बदल योग्यच होता, नव्हे, तो फार आधी व्हायला हवा होता. ज्यांना जुनी सवय सोडवत नाही त्यांच्यासाठी ‘प्रेफरन्सेस’मध्ये उलट फिरण्याची सोय ठेवली आहे.

मोजमापाचे सर्वांत साधे आणि माझ्या मते सर्वांत चांगले साधन म्हणजे निवडीच्या बाणाबरोबर वरच्या पट्टीत दिसणारे चार रकाने: एक्स, वाय, रुंदी आणि उंची. या रकान्यांत नुसता आकडा नव्हे, तर बेरीज-वजाबाकीही लिहिता येते. एक्सच्या रकान्यात आधीच्या आकड्यापुढे ‘+१६’ टंकून एंटर दाबले की वस्तू बरोबर सोळा पिक्सेल सरकते. एककेही एकमेकांत मिसळता येतात. कीबोर्डवरील बाणांची चाल मात्र मुळात दोन पिक्सेलची ठेवलेली आहे आणि शिफ्टसह ती दहापट होते. पडद्याचे काम करणाऱ्याने ‘प्रेफरन्सेस’मधील ‘स्टेप्स’मध्ये जाऊन ती एक पिक्सेल करावी. ऑल्टसह बाण दाबल्यास वस्तू पडद्याच्या एका पिक्सेलने सरकते, म्हणजे चित्र कितीपट मोठे करून पाहत आहोत त्यावर ती चाल अवलंबून असते. सूक्ष्म कामाला ही सोय छान आहे, पण तिने सरकवलेल्या वस्तूचे स्थान अपूर्णांकात जाते हे विसरता कामा नये.

आता मुख्य तक्रार. इंकस्केपमध्ये प्रत्येक वस्तूभोवती एक अदृश्य चौकट मानली जाते, आणि ही चौकट दोन प्रकारची असू शकते. ‘व्हिज्युअल’ चौकटीत वस्तूच्या कडेच्या रेषेची, म्हणजे स्ट्रोकची, जाडी धरली जाते; ‘जिऑमेट्रिक’ चौकटीत फक्त पाथ, म्हणजे आकाराची जाडी नसलेली मूळ बाह्यरेषा, धरला जातो. मूळ निवड व्हिज्युअलची असते. १०० पिक्सेल रुंद आणि ४० पिक्सेल उंच आयत काढून त्याला दोन पिक्सेलची कडा दिली, तर ती कडा पाथच्या दोन्ही अंगांना एकेक पिक्सेल पसरते आणि वरच्या पट्टीत १०२ गुणिले ४२ असा आकार दिसू लागतो. इथवर एकवेळ समजून घेता येईल. परंतु त्याच आयतावरून मोजपट्टीचे साधन फिरवले, तर ते १०० दाखवते, कारण मोजपट्टी पाथ मोजते, स्ट्रोक नव्हे. एकाच सॉफ्टवेअरमधील दोन साधने एकाच वस्तूची दोन मापे देतात, दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात, आणि कोणते माप कशाचे हे पडद्यावर कुठेही लिहिलेले नसते. दोन्ही बटणांना अशी कडा असेल आणि मोजपट्टीने त्यांच्यातील अंतर दहा सांगितले, तर डोळ्यांना दिसणारी मोकळी जागा आठच असते. यावर उपाय आहे: ‘प्रेफरन्सेस’मधील ‘टूल्स’ या भागात चौकटीचा प्रकार जिऑमेट्रिक करावा, म्हणजे निदान सर्व साधने एकच भाषा बोलतील. धूसर सावली दिलेल्या वस्तूंच्या बाबतीत तर हा बदल अनिवार्यच आहे, कारण व्हिज्युअल चौकट सावलीलाही वस्तूचा भाग मानते आणि बटण मध्यावर आणण्याऐवजी सावलीसकटचा आकार मध्यावर आणते.

मोजपट्टीचे साधन ‘एम’ ही कळ दाबून मिळते आणि ते दिसते त्याहून बरेच खोल आहे. माउस दाबून धरून कॅनव्हासवर रेषा ओढली की ती ज्या ज्या कडा ओलांडते तिथे खूण उमटते, लगतच्या खुणांमधील अंतरे सुटी सुटी दिसतात, शिवाय एकूण लांबी आणि कोन कळतो. कंट्रोल दाबून ठेवल्यास रेषा ठरावीक अंशांतच फिरते, त्यामुळे ती अगदी आडवी किंवा अगदी उभी ओढता येते. हे न करता हाताने ओढलेल्या रेषेचे माप घेऊ नये, कारण किंचित तिरकी रेषा नेहमी जास्तच लांबी सांगते. रेषा न ओढता नुसता कर्सर वस्तूवर नेला तरी तिचा आकार आणि स्थान दिसते. झालेले मोजमाप कायमस्वरूपी वस्तूत बदलता येते, त्याच्या टोकांवर गाइड, म्हणजे आखणीपुरत्या मदतीच्या रेषा, उभे करता येतात, बांधकामाच्या नकाशात असतात तशा परिमाणरेषा काढता येतात आणि एक मोजमाप तुलनेसाठी पुसट स्वरूपात मागे ठेवता येते. ही शेवटची सोय आखणीच्या दोन पर्यायांची तुलना करताना विशेष उपयोगी पडते.

तरीही या साधनाचे काही त्रास आहेतच. एकमेकांजवळच्या पाचसहा कडा ओलांडणारी रेषा ओढली की आकड्यांचे डबे एकमेकांवर चढतात आणि मोठे करून पाहिल्याशिवाय वाचता येत नाहीत. पट्टीतल्या खुणांची बटणे इतकी सारखी दिसतात, की प्रत्येकावर कर्सर थांबवून नाव वाचावे लागते. आणि रेषा नेमक्या जागी सुरू करण्यासाठी स्नॅपिंग, म्हणजे जवळच्या कडेला किंवा बिंदूला आपोआप चिकटणे, चालू असावे लागते. ते बंद असेल तर आरंभ अर्धा पिक्सेल इकडे की तिकडे हे डोळ्यांवरच सोपवलेले असते.

प्रत्यक्ष चालू असलेल्या अ‍ॅपमधील किंवा संकेतस्थळावरील स्थाने मोजण्यासाठी स्क्रीनशॉट इंकस्केपमध्ये आणणे ही सर्रास वापरली जाणारी युक्ती आहे, पण तिथे दोन अडथळे येतात. पहिला, आयात करताना चित्राची घनता (एका इंचातील पिक्सेल) फाइलमधून घ्यायची की मूळ ९६ धरायची हे इंकस्केप विचारते. मॅकच्या रेटिना पडद्यावरील स्क्रीनशॉटमध्ये ही घनता १४४ अशी नोंदलेली असते, त्यामुळे फाइलचे म्हणणे मान्य केले तर चित्र दोनतृतीयांश आकाराचे येते आणि पुढची सगळी मापे चुकतात. चित्र आणल्यावर लगेच त्याची रुंदी पट्टीत वाचून ती खऱ्या पिक्सेलसंख्येशी जुळते का हे पाहावे आणि जुळत नसेल तर रुंदी-उंचीच्या प्रमाणाचे कुलूप लावून रुंदी टंकावी. दुसरा अडथळा असा, की मोजपट्टीला चित्रातील कडा ओळखता येत नाहीत. तिच्या दृष्टीने स्क्रीनशॉट हा एक अखंड आयत असतो. म्हणून मोजायच्या प्रत्येक घटकावर पारदर्शक आयत काढून मग त्या आयतांमधील अंतर मोजावे लागते. नुसतेच पडद्यावरचे अंतर हवे असेल, तर विंडोजवरील पॉवरटॉइज या मायक्रोसॉफ्टच्या विनामूल्य संचातील स्क्रीन रूलर कडा आपोआप ओळखतो आणि त्या कामात इंकस्केपपेक्षा कितीतरी वेगवान आहे. मात्र विंडोजमध्ये पडद्यावरचे सगळे १२५ किंवा १५० टक्के मोठे करून ठेवलेले असेल, तर पडद्याचा पिक्सेल आणि सीएसएसचा पिक्सेल एक राहत नाही, आणि तो भागाकार आपणच करायचा असतो.

गाइडांविषयी तक्रारीला जागा नाही. कॅनव्हासच्या कडेच्या आकड्यांच्या पट्टीवरून ओढून आणलेल्या गाइडवर दोनदा टिचकी मारली की त्याचे स्थान आकड्यात देता येते, कोन बदलता येतो, नाव आणि रंग देता येतो, कुलूप लावता येते. निवडलेल्या वस्तूंचे गाइडांत रूपांतर शिफ्ट आणि ‘जी’ने होते. स्नॅपिंग १.२ या आवृत्तीत (मे २०२२) नव्याने मांडले गेले, आणि त्याच आवृत्तीत वस्तू सरकवतानाच शेजारच्या वस्तूंशी तिची ओळ किंवा समान अंतर जुळले की तात्पुरती रेषा दाखवणारी सोय आली. फिग्मा या पडदे आखण्याच्या सॉफ्टवेअरची सवय असणाऱ्यांना याची उणीव सर्वांत आधी जाणवत असे. २०२४च्या ऑक्टोबरमधील १.४ मध्ये मॉड्युलर ग्रिडही आली, म्हणजे रकाने आणि त्यांमधील मोकळी जागा वेगवेगळी ठेवणारी जाळी. पडद्याच्या आखणीसाठी ती जुन्या चौरस जाळीपेक्षा केव्हाही बरी.

‘अलाइन अँड डिस्ट्रिब्यूट’ची चौकट कंट्रोल, शिफ्ट आणि ‘ए’ने उघडते. तिच्यात सगळ्यांत वर जो ‘रिलेटिव्ह टू’ हा पर्याय आहे तो प्रत्येक वेळी आधी वाचावा, कारण शेवटी निवडलेली वस्तू, पहिली, सर्वांत मोठी, सर्वांत छोटी, पान, संपूर्ण चित्र किंवा निवडीचे क्षेत्र यांपैकी कशाच्या संदर्भाने जुळवायचे ते तिथे ठरते आणि मागच्या कामात ठेवलेली निवड तशीच राहिलेली असते. महाराष्ट्रातील डीटीपीच्या दुकानांत कोरलड्रॉवर हात बसलेल्या माणसाला इथे मात्र धीमेपणा जाणवेल. तिथे ‘एल’, ‘आर’, ‘टी’, ‘बी’, ‘सी’, ‘ई’ अशा एकेका कळीवर जुळवणी होते आणि ‘पी’ दाबले की वस्तू पानाच्या मध्यावर जाते. इंकस्केपमध्ये त्यासाठी चौकट तरी उघडी ठेवावी लागते किंवा अनेक कळा एकदम दाबाव्या लागतात. कळा बदलून घेता येतात, पण एका कळीची जागा बहुतेक वेळा दुसऱ्या साधनाने आधीच घेतलेली असते. वाटणीच्या बाबतीत इंकस्केप पुढे आहे. मध्यबिंदूंमधील अंतर समान करणे आणि वस्तूंमधील मोकळी जागा समान करणे हे दोन वेगळे आदेश आहेत, आणि कमी-अधिक रुंदीच्या मराठी शब्दांची बटणे एका ओळीत मांडताना दुसराच आदेश हवा असतो.

येथून देवनागरीचा प्रश्न सुरू होतो, आणि माझ्या दृष्टीने या परीक्षणाचा खरा विषय हाच आहे. एखाद्या अ‍ॅपमध्ये चार बटणे आहेत असे समजू: ‘शोधा’, ‘जतन करा’, ‘रद्द करा’ आणि ‘पुढे’. चारही शब्द एकाच फाँटमध्ये, एकाच आकारात टंकले आहेत. ‘शोधा’मध्ये शिरोरेषेच्या वर मात्रा आहे, खाली काही नाही. ‘जतन करा’मध्ये वरही काही नाही, खालीही नाही. ‘रद्द’मधील जोडाक्षर पारंपरिक पद्धतीने एकाखाली एक लिहिले, तर ते आधाररेषेच्या, म्हणजे अक्षरे ज्या रेषेवर टेकतात तिच्या, खाली उतरते. ‘पुढे’मध्ये वर मात्रा आहे आणि खाली उकार. इंकस्केपची मजकुराभोवतीची चौकट अक्षरांच्या प्रत्यक्ष शाईला चिकटलेली असते, म्हणून या चार समान आकाराच्या शब्दांच्या चौकटींची उंची चार प्रकारची होते. आता ‘वरच्या कडा जुळवा’ हे बटण दाबले, तर ‘जतन करा’ची शिरोरेषा ‘शोधा’च्या मात्रेच्या टोकाला जाऊन भिडते. ‘उभ्या दिशेने मध्यावर आणा’ हे बटण दाबले, तर ‘शोधा’ची शिरोरेषा खाली सरकते, ‘रद्द करा’ची वर जाते, आणि बटणांची रांग लाटेसारखी हलताना दिसते. प्रत्येक शब्द आपल्या बटणात आकड्यांनुसार अगदी मध्यावर असतो, तरी रांग बिघडते. रोमन लिपीतही ही अडचण येते, पण तिथे वर-खाली जाणारे अवयव सुटे असतात. देवनागरीत संपूर्ण ओळीतून जाणारी ठळक आडवी रेषा असल्यामुळे एका पिक्सेलचा फरकही लपत नाही.

सुदैवाने त्याच चौकटीत मजकुराच्या आधाररेषा जुळवण्याची वेगळी बटणे आहेत, आणि मराठी मजकुरासाठी केवळ तीच वापरावीत. फाँट आणि आकार एकच असेल, तर आधाररेषा जुळल्या की शिरोरेषाही आपोआप जुळतात. पण एखाद्या जाहिरातीच्या बॅनरवर मोठ्या अक्षरांतील ‘सवलत’च्या शेजारी लहान अक्षरांत ‘फक्त रविवारी’ बसवायचे असेल, किंवा एका ओळीत मुक्त आणि बलू असे दोन वेगळे फाँट असतील, तर हा मार्ग अपुरा पडतो. आधाररेषा जुळतात, शिरोरेषा दोन पायऱ्यांवर राहतात. देवनागरी अक्षर रेषेवर बसण्यापेक्षा रेषेला लोंबते, हे मानकांच्या जगाला ठाऊक नाही असेही नाही: एसव्हीजीमध्ये ‘हँगिंग’ नावाची आधाररेषा आहे आणि ओपनटाइप फाँटमध्येही तिची नोंद ठेवण्याची जागा आहे. इंकस्केपच्या जुळवणीच्या चौकटीत मात्र शिरोरेषेसाठी बटण नाही.

तेव्हा हाताने मार्ग काढावा लागतो आणि त्यासाठी मोजपट्टीच उपयोगी पडते. आयतांच्या बाबतीत स्ट्रोककडे दुर्लक्ष करून गोंधळ घालणारी हीच मोजपट्टी मजकुराच्या बाबतीत अक्षरांच्या बाह्यरेषा ओळखते, आणि त्यासाठी मजकूर पाथमध्ये बदलण्याचीही गरज नसते. कंट्रोल दाबून ‘त’ किंवा ‘न’च्या उभ्या दांड्याला टाळून, शिरोरेषेच्या मोकळ्या भागातून एक उभी रेषा ओढली की शिरोरेषेच्या वरच्या आणि खालच्या कडेवर खुणा उमटतात व तिची जाडी थेट वाचता येते. गाइड बसवण्यासाठी मजकुराची एक प्रत काढावी, ती शिफ्ट, कंट्रोल आणि ‘सी’ने पाथमध्ये बदलावी, शिरोरेषेच्या वरच्या कडेच्या नोडला (पाथवरील बिंदूला) आडवा गाइड चिकटवावा आणि प्रत पुसून टाकावी. मूळ मजकूर पुढेही दुरुस्त करण्याजोगा राहतो. मग ‘ट्रान्सफॉर्म’च्या चौकटीतून लहान शब्द हव्या तेवढ्या अंतराने वर उचलावा.

बटणातील मध्यासाठीही शाईची चौकट विसरून शिरोरेषा ते आधाररेषा एवढीच उंची धरावी. अँड्रॉइडच्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पर्शाच्या क्षेत्राची किमान बाजू ४८ एकके सांगितलेली आहे, तेव्हा ४८ पिक्सेल उंचीचे बटण घेऊ. फाँटमध्ये शिरोरेषेच्या वरच्या कडेपासून आधाररेषेपर्यंत १४ पिक्सेल भरत असतील, तर उरलेल्या ३४ पिक्सेलची निम्मी जागा वर आणि निम्मी खाली, म्हणजे शिरोरेषा बटणाच्या वरच्या कडेपासून १७ पिक्सेलवर आणि आधाररेषा ३१ पिक्सेलवर येईल. हे दोन गाइड एकदा लावले की ‘शोधा’ असो वा ‘पुढे’, सगळे शब्द त्यावरच बसवायचे. वरची मात्रा मोकळ्या जागेत थोडी शिरते, खालचा उकारही शिरतो, आणि डोळ्याला ते अजिबात खटकत नाही. ज्या अ‍ॅपमध्ये वर मात्रा-वेलांट्यांची गर्दी जास्त आहे तिथे शब्द एक पिक्सेल खाली घ्यावा असे माझे मत आहे; पण मग सगळेच घ्यावेत.

या बाबतीत फिग्मा अधिक चांगले आहे काय? अंशतः. तिथे मजकुराची चौकट शाईवर नव्हे तर ओळीच्या उंचीवर ठरते, त्यामुळे समान आकाराचे शब्द मध्यावर आणले तरी शिरोरेषा हलत नाही, आणि ही मोठीच सुटका आहे. शिवाय एक वस्तू निवडून ऑल्ट दाबून दुसरीवर कर्सर नेला की अंतर लगेच दिसते. इंकस्केपमध्ये त्यासाठी साधन बदलावे लागते. पण चौकटीतील वरची-खालची मोकळी जागा छाटण्यासाठी फिग्माने दिलेली सोय रोमन मोठ्या अक्षरांच्या उंचीवर आधारलेली आहे, आणि त्या उंचीचा शिरोरेषेशी संबंध फाँट बनवणाऱ्याने जुळवला असेल तेवढाच. शिरोरेषा ही जुळवणीची रेषा आहे, हे तिथेही मान्य झालेले नाही.

चिन्हांच्या कामात अर्ध्या पिक्सेलचा प्रश्न येतो. एक पिक्सेल जाडीची रेषा पूर्णांक स्थानावर ठेवली, तर ती दोन्ही बाजूंच्या पिक्सेलमध्ये अर्धी-अर्धी विभागली जाते आणि निर्यात केल्यावर काळ्याऐवजी दोन पिक्सेल रुंद करडी दिसते. तिचा पाथ ०.५ वर ठेवावा, किंवा रेषेऐवजी एक पिक्सेल रुंद आयत वापरावा. शिरोरेषा पाथमध्ये बदलून चिन्हात वापरणाऱ्यांनीही तिच्या वरच्या कडेचा वाय पूर्णांकात आणावा. निर्यातीत ९६ घनता म्हणजे एकास एक, १९२ म्हणजे दुप्पट, आणि १.२ पासून एकाच वेळी अनेक घनतांच्या फाइली काढता येतात. संपूर्ण आखणी पिक्सेलांच्या स्वरूपात पाहण्याची सोय मात्र नाही. ‘आयकॉन प्रिव्ह्यू’ची छोटी चौकट १६ किंवा ३२ पिक्सेलच्या चिन्हांपुरती पुरते.

फाइल डेव्हलपरकडे देण्याच्या वेळी एक गोष्ट हमखास अडते. पानाचा आकार चित्राएवढा करण्याचा आदेश दिला, की इंकस्केप वस्तूंचे आकडे बदलत नाही, तर संपूर्ण लेयरवर स्थानांतराची नोंद लावून ठेवते. वरच्या पट्टीत एक्स ४० दिसतो आणि एसव्हीजीत त्याच वस्तूपुढे भलताच, कधी ऋण आकडा असतो. गणित बरोबर असते, पण ती फाइल हाताने वाचणाऱ्याला आधी लेयरचे आकडे शोधावे लागतात. नवा, कोरा लेयर तयार करून सगळ्या वस्तू त्यात हलवल्या की हे स्थानांतर साध्या आकारांच्या आकड्यांत मुरते. फाइल देण्यापूर्वी एक्सएमएल एडिटर, म्हणजे एसव्हीजीतील मूळ नोंदी दाखवणारी चौकट, उघडून दोनचार वस्तू तपासाव्यात. त्या दोन मिनिटांत पुढची बरीच पत्रापत्री वाचते.

एकूण पाहता, चिन्हे, बॅनर आणि स्वतःच्या छोट्या अ‍ॅपचे पडदे आखणाऱ्या मराठी आरेखकाने इंकस्केप निःसंकोच घ्यावे, मात्र १.२च्या आधीची आवृत्ती घेऊ नये, कारण स्नॅपिंगमधील फरक मोठा आहे. काही लिनक्स वितरणांच्या भांडारात जुनीच आवृत्ती असते, तेव्हा ती संकेतस्थळावरून घ्यावी. पाचसात जणांचा चमू एकाच आखणीवर एकाच वेळी काम करत असेल, तर हे त्याचे साधन नव्हे. आणि पडदा मराठीत असेल, तर एकक पिक्सेल, स्केल १, शिरोरेषा व आधाररेषेचे दोन गाइड त्यांच्या नावांसह, अशी कोरी फाइल ‘सेव्ह टेम्प्लेट’ने जतन करून ठेवावी आणि प्रत्येक नवे काम तिच्यातूनच सुरू करावे.